उरलेले नमस्कार

१७ सप्टेंबर १९७२, कोल्हार

आजपासून या घरात मी अवघडलेली. शब्द सासूबाईंचा. चौथा महिना सरतो आहे, पोट अजून निऱ्यांत लपतं, पण सकाळी अंगणात मी जरा पाठ ताणायला हात वर केले तर केवढ्याने ओरडल्या! "हात खाली घे, राही! अवघडल्याली बाई असली थेरं करती व्हय?" मी म्हटलं, अवघडतं ते माणूस एका जागी बसून. खो-खोत बसलेली पोरगीसुद्धा उठली की आधी पाय झटकते. त्यांना खो-खो म्हटलेलं अजिबात खपत नाही. पदर डोक्यावर ओढून आत निघून गेल्या.

त्याचं कारण गेल्या वर्षीचं. तेव्हा तिसऱ्या महिन्यात माझं पोट पडलं. आदल्या दिवशी मी शाळेच्या मैदानावर मुलींना खो कसा द्यायचा ते दाखवायला चार पावलं धावले होते. चार पावलं! गावाला तेवढी पुरली. मूल माझं गेलं आणि खापरही माझ्याच पायांवर फुटलं. कुणी जवळ येऊन बसलं नाही. जो तो येऊन विचारी, धावलीसच कशाला? तेव्हापासून माझं शाळेत शिकवणंही बंद.

व्यायामाच्या कॉलेजात आम्हाला एक डॉक्टरीणबाई शिकवायला होत्या. त्यांचं सांगणं मला पाठ आहे. गरोदर बाईने उड्या मारू नयेत, पालथं पडू नये, दमेपर्यंत काही करू नये. पण चालावं, वाकावं, मांड्या आणि पाठ बळकट ठेवावी, म्हणजे बाळंतपण सुकर होतं. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या बाईला पोरं किती?" एकही नव्हतं. तिथेच वाद संपला.

१९ सप्टेंबर

यंदा नदीत नुसते गोटे उरलेत. पाणी पार मारुतीच्या पारापलीकडच्या विहिरीवरून आणावं लागतं. रोज मी तिथून डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन येते. त्याबद्दल कुणाची हरकत नाही. या घरात कमरेवर कळशी चालते, कमरेवर हात चालत नाहीत. वाकून सारवलेलं चालतं, वाकून पायाचे अंगठे धरलेले चालत नाहीत. जात्यावर दळलं तर गुणाची सून, तेच हात जात्याशिवाय फिरवले तर थेरं.

संध्याकाळी ह्यांच्यापुढे रडले. हे कारखान्यात टाइमकीपर, दिवसभर माणसांच्या हजेऱ्या घेऊन डोकं उठलेलं असतं, तरी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "या खेपेला सगळं नीट पार पडलं तर शाळेचं बघू. नाहीतर मग शाळा पुरे." म्हणजे शाळेचं बघणार आहेत तर! बाकी नवऱ्यांनी तेवढंही म्हटलं नसतं. हे एवढे एकच या घरात माझ्या बाजूने आहेत.

२४ सप्टेंबर, रविवार

ह्यांनी युक्ती काढली! मी म्हणाले, निदान सूर्यनमस्कार तरी घालू देत, बेताने. तर म्हणाले, "मग व्यायाम म्हणूच नकोस. नवस म्हण. सूर्यनारायणाला रोज बारा नमस्कार, रथसप्तमीपर्यंत. आई एका शब्दाने बोलणार नाही." आणि स्वतःच जाऊन आईला सांगितलं. वर तिला पटावं म्हणून "मुलगा होऊ दे म्हणून बोललीय ती" असंही जोडून दिलं. केवढं हे डोकं!

 सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "देवाचं हाय तर मग मी कोन अडवनारी?"

हसू दाबायला मी पदर तोंडात धरला.

८ ऑक्टोबर

रोज उजाडलं की गोणपाटाचं चवाळं अंथरते, पूर्वेला तोंड करते आणि सुरू. बारा म्हटले तरी थांबत थांबत, श्वास मोजून. पालथी पडतच नाही, हातागुडघ्यांवर येते आणि तिथूनच मागे फिरते. बाजूला सासूबाई तांब्यात पाणी आणि जास्वंदीचं फूल घेऊन उभ्या. काय ही करमणूक! हात वर केले की थेरं होती, आता तेच हात वर केले की हात जोडून उभ्या राहतात.

अंग हळूहळू माझं राहत नाहीये. पाचवा महिना लागला, पोट पुढे आलं. वळताना मला माझाच अंदाज चुकतो. मैदानावर खांबाला वळसा घालताना मी मुलींना सांगायची, वजन कुठे आहे ते ओळखा. आता मलाच ओळखू येत नाही. पण नमस्कारांनी पाठ दुखायची थांबली आहे, जेवण जातं, रात्री झोप लागते. काल ते आतून पहिल्यांदा हललं, मासा वळावा तसं. मी तशीच चवाळ्यावर बसून राहिले आणि रडले. सासूबाईंना वाटलं, भक्तीने रडते.

१२ नोव्हेंबर

सासूबाईंनी आजपासून पाणी स्वतः आणायला घेतलं. मी म्हटलं, मी आणते, मला चालतं. तर म्हणाल्या, "तुझं नवसाचं अंग हाय. त्ये राखायचं." म्हणजे आता गावभर बोभाटा, की मास्तरीण सून बसून खाते आणि म्हातारी पाणी वाहते. मुद्दाम करतात. पारापाशी बसलेल्या बायकांसमोरून डोक्यावर हंडा घेऊन लंगडत यायचं म्हणजे काय, मला कळत नाही का?

दुपारी पाय चेपत होत्या. मी नको म्हटलं तरी चेपत होत्या. म्हणाल्या, "माझी तीन गेली, राही. मंग सूर्यभान. तवा मी कुटं धावत हुते? पर मलाबी समदी हेच म्हनायची, तूच काईतरी केलं आसंल." झाली सुरू रामकहाणी. मी डोळे मिटून घेतले.

३ डिसेंबर

सातवा महिना. नाभी बाहेर आली आहे, पोटावर तांबडे चरे उठलेत, घोटे संध्याकाळी सुजतात. चालताना पाय फाकवून चालते, माहेरी अकोले तालुक्यातल्या डोंगरात गाभण गाई चालतात तशी. आई असती तर बाळंतपणाला तिकडेच गेले असते. पण आई नाही, आणि भावजय स्वतःच ओली बाळंतीण. म्हणून सगळं इथेच.

आता नमस्कार बदलायला हवेत. पाय रुंद, गुडघे वाकवून, हात जमिनीपर्यंत नेण्याची गरज नाही. चारपाच पुरेत, उरलेला वेळ नुसतं चालणं आणि बसल्या बसल्या मांड्यांचा व्यायाम. शरीर बदलतं तसा व्यायाम बदलायचा असतो, हे कॉलेजातलं पहिल्या वर्षाचं पोरगंसुद्धा सांगेल.

ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बारा बोललीस ना? मग आता चार कसे?" मी म्हटलं, अहो, बोललात तुम्ही. तर सायकलची हवा बघायला उठून गेले. कामाचा फार ताण आहे त्यांना.

१७ डिसेंबर

आज तमाशा झाला. समोरच्या रतनबाई ताक मागायला आल्या, उभ्या राहून माझे नमस्कार बघत बसल्या आणि म्हणाल्या, "अगं बया! हिचं कपाळ टेकतंच न्हाई की. ह्यो कसला नमस्कार? साष्टांग म्हंजी आठी अंगं भुईला लागली पायजेत."

मी थांबले. म्हटलं, सातव्या महिन्यात आठवं अंग कुठलं लावू, रतनबाई? पोट?

"मंग बोलायचंच न्हाई नवस. सूर्यदेव काय शाळंतली पोर हाय, उद्या कर म्हनायला? अर्धवट नवस लई वंगाळ. आमच्या भावकीत एकीनं सोडला, तिचं पोरगं आंधळं निपजलं."

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. म्हणतील, गप बस रतने, तिला नाही जमत.  पण त्यांनी ताक घालून रतनबाईंना वाटेला लावलं आणि देव्हाऱ्यासमोर जाऊन बसल्या.

माझा संताप झाला. नवस नाहीच हा! व्यायाम आहे, साधा व्यायाम, जो मी हजार मुलींना शिकवला! पण हे मी आता कुणाला सांगणार? खरं सांगावं तर तीन महिने देवाच्या नावाने खोटं बोलले, असं होणार. न सांगावं तर रोज पोटावर पालथं पडायचं. स्वतःच्याच चवाळ्यात मी गुरफटले आहे.

१८ डिसेंबर

ह्यांना म्हटलं, तुम्ही आईला खरं सांगा. युक्ती तुमची होती.

ते म्हणाले, "आता ते कसं सांगायचं? तिचा विश्वास बसलाय. आणि राही, खरं सांगू? मलाही वाटतं, कोण जाणे, देवाचं नाव घेतलंय तर पुरं करावं. हळूच टेकव ना कपाळ. एवढंसं तर वाकायचंय."

एवढंसं. टाइमकीपरला हजेरीशी मतलब. त्यांना बिचाऱ्यांना शरीरातलं काही कळत नाही, इतकंच. ते काही वाईट नाहीत.

१९ डिसेंबर

प्रयत्न केला. डावीकडे जरा कलून, एका कोपरावर भार देऊन कपाळ टेकवलं. आतून बाळाने असा जोरात पाय मारला की डोळ्यांपुढे अंधारी आली. सासूबाईंनी तांब्या टाकला, धावत आल्या, मला काखेत धरून उठवलं. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे." एवढंच. माझ्या पोटावर हात ठेवून उभ्या राहिल्या, बाळ पुन्हा हलेपर्यंत.

मग दिवसभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. रागावल्यात. नवस मोडला ना सुनेने.

२० डिसेंबर

आज जे पाहिलं त्याने अंगाचा तिळपापड झाला. उजाडायच्या आधीच मला जाग आली. मागच्या बाजूला, गोठ्याच्या भिंतीआड काहीतरी धपकन वाजलं. जाऊन बघते तर सासूबाई माझं चवाळं अंथरून नमस्कार घालत होत्या! साठीची बाई, लुगड्याचा कासोटा घट्ट मारलेला, गुडघे टेकवत आहेत, हातांवर झेपत नाही म्हणून धपकन छातीवर आदळत आहेत, कपाळ टेकवून तोंडाने पुटपुटत आहेत, आणि मग भिंत धरून उठत आहेत. पुन्हा खाली.

मी म्हटलं, हे काय?

"तुझं टेकंना. बदली नवस फेडता येतो. बामनाला इचारलं म्या. सुनंचं सासूनं घातलं तरी चालतं." धाप लागली होती. "तू जा. थंडी हाय."

बदली! मी ड्युटी चुकवली आणि ह्या बदलीवर आल्या. मला लाजवायचं, दुसरं काय. उद्या गावभर होईल, सून पडून राहते, म्हातारीला लोळवते. नाटक करायचं तर चांगलं प्रेक्षकांसमोर करायचं होतं. हे गोठ्यामागे, अंधारात, ना रतनबाई बघायला ना कुणी. तिथे तर कुत्रंसुद्धा नव्हतं.

७ जानेवारी १९७३

पौषातला पहिला रविवार. सासूबाईंना उपास. तरी उठलेल्या. आता मलाही सवय झाली. मी अंगणात माझं बेताचं चालणं, बसणं, श्वास करते, आणि भिंतीआडून धप, धप आवाज येतो. मधूनमधून राग आला की मी ओरडते, "हात आधी टेकवा! गुडघे एकदम टाकू नका!" शिक्षिकेची खोड. त्यांच्यासारखा वाईट नमस्कार मी जन्मात कुणाला घालू दिला नसता. शाळेत असत्या तर रांगेतून बाहेर काढल्या असत्या.

आज त्यांनी भिंतीवरून विचारलं, "आसं का? हात आदी?" मी तशीच चालत राहिले. त्यांचं नाटक मी कशाला सुधारू?

२१ जानेवारी

पायात रात्री गोळे येतात. जेवण दोन घासांवर येतं, वर छातीत जळजळ. सगळे ब्लाऊज उसवून पुन्हा शिवले. आरशात बघितलं तर ही बाई कोण, असं वाटतं. मैदानावर शिट्टी मारली की दोनशे पोरी एका पावलावर उभ्या राहायच्या. आता मी खाटेवरून उठते त्याचंच एक प्रकरण असतं. भीतीही वाटते, ती कुठे बोलू? मागच्या वेळेसारखं झालं तर. शाळा जाईल, ते एक. पण मूल जाईल. पुन्हा जाईल.

हे म्हणाले, "घाबरू नकोस, नवस चालू आहे ना आईचा." म्हटलं, त्यांचे गुडघे सुजलेत. म्हणाले, "रथसप्तमीला संपेल." हजेरी लागली, प्रश्न मिटला.

रथसप्तमी

सासूबाईंनी अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घातलं. पूर्वेला उतू गेलं, चांगलं म्हणाल्या. मग शेवटचे बारा, आज अंगणातच. रतनबाई बघायला आल्या होत्या. म्हणाल्या, "म्हातारीनं सुनेची लाज राखली हो." बघा, मी म्हटलंच होतं! शेवटी गावाने तेच म्हटलं.

सासूबाई मात्र तोपर्यंत चवाळ्यावर आडव्या होऊन उठायचा प्रयत्न करत होत्या. त्यांचं लक्ष नव्हतं.

१७ फेब्रुवारी

मुलगी झाली. परवा पहाटे कळा सुरू झाल्या, दुपारी सुटका. साळूबाई सुईण म्हणाली, "मांड्या लई बळकट हायेत बाईच्या. नुसता जोर लावती." ऐकलंत का, कॉलेजच्या डॉक्टरीणबाई? मला ओरडून सांगावंसं वाटलं. ओरडत तर होतेच.

सासूबाई डोक्याशी होत्या. सगळा वेळ माझे दोन्ही हात धरून. बाळ रडलं तेव्हा त्या भिंतीला टेकून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "जितं हाय?" साळूबाई म्हणाली, "मुलगी हाय." त्या पुन्हा म्हणाल्या, "जितं हाय न्हवं?" कानाने कमी ऐकू येऊ लागलंय बहुतेक.

मुलगी लालबुंद आहे, मुठी आवळलेल्या. माझी आहे. जिवंत आहे. हे वाक्य मी तीनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं.

२८ फेब्रुवारी

काल बारसं झालं. मुलीचं नाव सासूबाईंचंच, भागीरथी, ठेवावं असं मी म्हटलं नाही, पण मनात आलं होतं खरं. का, ते विचारू नये. हे म्हणाले, सुनंदा. सुनंदा ठेवलं.

पाहुणे गेल्यावर हे ओसरीवर पान लावत बसले. मी उंबऱ्याशी मुलीला घेऊन, सासूबाई खाली भिंतीशी. मी विचारलं, शाळेचं काय? जूनपासून जाऊ ना? नीट पार पडलं आता.

ते हसले. म्हणाले, "नीट कसं? मुलगा बोललो होतो. कपाळ टेकवलं नाहीस ना वेळेवर. अर्ध्या नवसाला अर्धंच फळ." पान तोंडात टाकलं. "पुढच्या खेपेला पुरा घाल. मग शाळेचं बघू."

मी इतके महिने ज्याला माझी बाजू म्हणत होते ती ही. अर्धंच फळ. मांडीवर ते अर्धं फळ जांभई देत होतं.  दोनशे पोरींना एका शिट्टीत उभं करणारी मी, आणि मुलीचं दुपटं सारखं करत बसले.

सासूबाई बोलल्या.

"अर्धा कसा रं सूर्यभान? हिचं पोट टेकंना म्हनून उरलेलं म्या घातलं. येक बी खाडा न्हाई. तू हजेरी घेतोस न्हवं, मंग माझी बी घे."

"आई, तसं नाही..."

"आन मुलगा तू बोलला हुतास. म्या न्हाई. म्या रोज येवढंच म्हनले, देवा, ह्या बारीला जितं असू दे. आन हिला बी राहू दे. दोन्ही दिली त्यानं. नवस पुरा हाय माझा. फळ बी पुरं हाय."

हे "बरं बरं" म्हणाले आणि सायकल काढून निघून गेले. हवा आज भरलेली होती.

मी खाली मान घालून बसले. गोठ्याची भिंत आठवली, अंधार, धप धप. थंडी हाय, तू जा. दोन महिने मी त्या बाईचं नाटक बघत होते आणि प्रेक्षक नाहीत म्हणून हसत होते. माझ्यासारखी मूर्ख मीच.

त्या चूल बघायला म्हणून उठायला गेल्या. गुडघा वाकेना. हात टेकवला, पुन्हा बसल्या, पुन्हा हात टेकवला. मुलीला पाळण्यात ठेवून मी त्यांच्या काखेत हात घातला आणि उभं केलं. गुडघ्यातून कटकट आवाज आला. त्या माझ्या खांद्याला धरून तशाच उभ्या राहिल्या आणि ओशाळं हसून म्हणाल्या, "अवघडले गं."

१ एप्रिल

सव्वा महिना झाला. सकाळी अंगणात दोन चवाळी टाकली. एक माझ्यासाठी, ओटीपोट अजून सैल आहे. एक त्यांच्यासाठी. बसून पाय लांब, गुडघ्याखाली घडी केलेलं फडकं, गुडघा हळूच दाबायचा, सोडायचा. त्यांनी विचारलं, "हात आदी का पाय?" मी म्हटलं, नुसता पाय. घाई नको. श्वास सोडा. त्या सांगितलेलं तंतोतंत करतात. अशी एक विद्यार्थिनी मला वर्गात कधी मिळाली नाही.

हे कामावर निघाले होते. सायकल धरून दारात थांबले आणि म्हणाले, "आता हा कुणाचा नवस?"

मी म्हटलं, "नवस नाही. व्यायाम आहे."

सासूबाईंनी दुसरा गुडघा पुढे केला. "व्यायाम हाय," त्या म्हणाल्या. "आन जूनपास्नं पोरगी म्या सांभाळनार हाय. ही शाळंत जाईल. तुला उशीर व्हतोय, जा."